चाप एकदा, गोळ्या दोन: जुन्या लष्करी सेमी-ऑटो रायफली आपोआप का झडतात?

तक्रार तीन प्रकारे येते. एक, ‘बोल्ट सोडला आणि चापाला हात न लावता गोळी सुटली.’ (बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा सरकता भाग.) दुसरी, ‘चाप एकदा ओढला, गोळ्या दोन गेल्या, कधी तीन.’ तिसरी, ‘एकदा सुरू झाली ती मॅगझिन रिकामं होईपर्यंत थांबलीच नाही.’ रायफल बहुतेक वेळा सोव्हिएत घडणीची एसकेएस असते, त्याखालोखाल अमेरिकेची एम१ गॅरंड किंवा एम१ कार्बाईन. तिन्ही सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं, पण एका चापाला गोळी एकच. तक्रारीपाठोपाठ प्रश्न ठरलेला: ही मुळात ऑटोमॅटिक, म्हणजे चाप दाबून धरला की सलग झडणारी, होती का? कारखान्यात काही लपवलंय का?

लपवलेलं काही नसतं. रायफल बिघडलेली किंवा घाणेरडी असते, काडतूस चुकीचं असतं, नाहीतर चापावरचं बोट ढिलं असतं. या चारांतलं नेमकं कोणतं, ते रायफल पूर्ण उघडण्याआधीही बरंचसं कळतं.

ती झडत असताना

बोट चापावरून काढलं तरी ती थांबेलच असं नाही, हे आधीपासून ठाऊक असलेलं बरं. बिघाड फायरिंग पिनमध्ये (काडतुसाच्या तळाशी टोचून ते पेटवणारी सळई) असेल तर चापाचा संबंधच उरत नाही. अशा वेळी करायचं एवढंच की नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे धरून ठेवायची, दस्ता खांद्यात घट्ट दाबायचा आणि मॅगझिन संपू द्यायचं. दहा गोळ्या संपायला फार वेळ लागत नाही. लोक दचकून वळतात, रायफल खाली टाकतात किंवा हलता बोल्ट हाताने पकडू पाहतात, आणि जखमा त्यातूनच होतात.

थांबल्यावर सेफ्टी लावा, नळी हलवू नका. काडतूस अडकलेलं दिसलं तर अर्धा मिनिट थांबून मगच बोल्ट मागे घ्या. चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. पडलेल्या पुंगळ्या गोळा करून वेगळ्या पिशवीत ठेवा, पुढचं निदान त्यांच्यावरच होणार आहे. त्या दिवशी ती रायफल पुन्हा भरायची नाही. ‘एकदाच झालं, बघू परत होतं का’ हा या विषयातला सगळ्यात महागडा विचार.

‘मूळची ऑटोमॅटिक असेल’ हा समज कुठून येतो

थोडा इतिहास इथेच उरकून घेऊ, कारण अर्ध्या अफवा तिथूनच निघतात आणि त्या अगदीच निराधार नाहीत.

काही सेमी-ऑटो रायफलींची ऑटोमॅटिक भावंडं सैन्याने खरोखर बनवली. अमेरिकेची एम१ कार्बाईन सेमी-ऑटो. तिची निवडक-फायर (हवं तर एकेक, हवं तर सलग झडणारी) आवृत्ती एम२ १९४४ मध्ये आली. सोव्हिएत एसव्हीटी-४० सेमी-ऑटो. तिच्यापासून १९४२ मध्ये एव्हीटी-४० काढली, सेफ्टीचा खटका आणखी एका बाजूला सरकवला की सलग फायर. लाकडी दस्ते तडकू लागले, भाग तुटू लागले, नेम कुठेच लागेना, आणि तो प्रयोग लवकरच गुंडाळला गेला. गॅरंडला निवडक-फायर करण्याचे टी२० मालिकेतले नमुने युद्धाच्या शेवटी तयार झाले. त्याच वाटेवर पुढे १९५७ मध्ये एम१४ स्वीकारली गेली. पण तिलाही बहुतांश सैनिकांच्या हाती देताना सिलेक्टर (एकेक की सलग ते निवडायचा खटका) काढून कुलूपबंद केलेला असे, कारण ७.६२×५१ मिमीची पूर्ण ताकदीची गोळी सलग झाडली की नळी आकाशाकडे जाते. बेल्जियमने आपल्या सैन्यासाठी एफएन-४९ सिलेक्टरसह घेतली, तर तिचे बरेच परदेशी ग्राहक सेमी-ऑटोवर समाधानी राहिले.

आता गोंधळ. युद्धानंतर आगारांत रायफली दुरुस्त करताना जो भाग हाताशी आला तो लावला गेला. त्यामुळे साध्या एम१ कार्बाईनला एम२चा दस्ता आणि साध्या एसव्हीटी-४० ला एव्हीटीचा दस्ता असणं ही रोजची गोष्ट आहे. त्या दस्त्यात खटक्यासाठी जादा खाच दिसते. ती बघून मालकाला वाटतं, घबाड सापडलं! लाकडातली खाच गोळी झाडत नाही. सलग फायरसाठी लागणारी यंत्रणा आत असते, आणि ती नसेल तर खाच ही फक्त खाच. मात्र एम१ कार्बाईनच्या आत एम२चे धातूचे भाग दिसले तर विषय वेगळा होतो. अमेरिकेत त्यावर कायद्याचं बोट येतं, म्हणून तिथे स्वतः उलगडत न बसता परवानाधारक बंदूकसाजाला दाखवायचं.

एसकेएसचं काय? सिमोनोवची ही रायफल १९४५ची रचना, १९४९ मध्ये स्वीकारली, ७.६२×३९ मिमी, दहा गोळ्यांचं पक्कं मॅगझिन. नेहमीची लष्करी एसकेएस, सोव्हिएत असो, चिनी टाइप ५६ असो की युगोस्लाव्ह, सेमी-ऑटोच. चीनने निवडक-फायर हवी म्हणून टाइप ६३ काढली, पण ती दिसायला बहीण असली तरी आतून वेगळी रायफल आहे. म्हणजे तुमची एसकेएस सलग झडली, तर तो वारसा नाही. बिघाड आहे.

पुंगळ्या बघून पहिलं निदान

स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिली गोळी चाप ओढून सुटली की बोल्ट बंद होताच? बोल्ट बंद होताच सुटली असेल तर आधी इथे शोधा. हे बहुधा स्लॅमफायर आहे: फायरिंग पिन किंवा प्रायमर (काडतुसाच्या तळातली, टोचताच पेटणारी टोपी), या दोघांतला कोणीतरी.

चाप ओढल्यावर पहिली नीट गेली आणि लगेच दुसरी? इथे दोन्ही शक्यता. मॅगझिन संपल्यावर बोल्ट उघडा राहतो, त्यामुळे हॅमर (चाप ओढला की पिनवर आदळणारा भाग) कुठे आहे ते लगेच कळत नाही. पण दोनच गोळ्या जाऊन रायफल थांबली असेल, तर ती सुरक्षित रिकामी करताना हॅमर चढलेला होता की पडलेला, हे लक्षात ठेवा. स्लॅमफायरमध्ये हॅमर चढलेलाच राहतो, कारण दुसऱ्या गोळीशी त्याचा काही संबंधच आलेला नसतो. हॅमर बोल्टच्या मागोमाग पडत असेल तर दोष ट्रिगर गटात, म्हणजे चाप, हॅमर आणि त्याला अडवणारे भाग यांत.

तिसरा प्रश्न पुंगळ्यांना. पहिल्या आणि नंतरच्या पुंगळ्यांचे प्रायमर शेजारी शेजारी ठेवा. हॅमरने मारलेली खूण खोल, गोल, मध्यभागी. दुसऱ्या पुंगळीची खूण स्पष्टपणे वेगळी, उथळ किंवा कडेला सरकलेली असेल तर संशय पिनवर. या खुणेवर एकट्यावर निकाल देऊ नका, कारण स्फोटाच्या दाबाने प्रायमर मागे दाबला जातो आणि खूण बदलते. पण पुंगळीचा तळ फुगलेला, फाटलेला किंवा कडेने चिरलेला दिसला, तर गोळी बोल्ट पूर्ण लॉक होण्याआधी सुटली असण्याची दाट शक्यता आहे. तिथे घरगुती दुरुस्ती संपली. रायफल सरळ बंदूकसाजाकडे. अशा घटनेत लाकूड फाटतं, मॅगझिनचा तळ उडतो, कधी डोळाही जातो.

स्लॅमफायर: पिन मोकळी असण्याचा अर्थ

एसकेएस, गॅरंड, एम१ कार्बाईन, एके यांच्या फायरिंग पिनला मागे ढकलणारी स्प्रिंग नसते. पिन बोल्टच्या भोकात मोकळी डुलते. बोल्ट जोरात पुढे येतो, चेंबरवर आपटून थांबतो, पण पिनला थांबायला कोणी सांगितलेलं नसतं. ती आपल्या वेगाने पुढे सरकते आणि प्रायमरला टोचते. म्हणून भरलेलं पण न झाडलेलं काडतूस बाहेर काढलं की प्रायमरवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. हा ठिपका सामान्य आहे, घाबरायचं कारण नाही. लष्करी काडतुसांचे प्रायमर मुद्दाम कठीण ठेवतात ते यासाठीच. एम१६च्या सुरुवातीच्या पिनसुद्धा याच कारणाने नंतर हलक्या केल्या गेल्या: पिनचं वजन कमी, तर टोचणी कमी.

ठिपका आणि स्फोट यांच्यात अंतर एवढंच. ते पुसलं जातं दोन प्रकारे. पिन पुढे बाहेर आलेल्या अवस्थेत अडकते, मग ती पिन राहत नाही, खिळा होते आणि बोल्ट बंद होताना प्रत्येक प्रायमरवर ठोकला जातो. किंवा प्रायमर इतका नाजूक अथवा इतका वर आलेला असतो की साध्या टोचणीनेही पेटतो. मॅगझिन संपेपर्यंत चालणारी फैर जवळजवळ नेहमी पहिल्या प्रकारची असते.

एसकेएसच्या अगदी सुरुवातीच्या सोव्हिएत नगांना पिनवर स्प्रिंग होती. नंतर उत्पादन सोपं करताना ती गेली. आज मिळणाऱ्या बहुतेक एसकेएस बिनस्प्रिंगच्याच. स्प्रिंगवाल्या पिनचे जोडसंच बाजारात मिळतात. बसवायला हरकत नाही, पण घाण भोकात स्प्रिंग घातली तरी पिन अडकायची ती अडकतेच.

एसकेएसचा बोल्ट खरोखर साफ करणं

आगारातून निघालेली रायफल कॉस्मोलीनमध्ये बुडवलेली असते. हे मेणासारखं पिवळट-तपकिरी ग्रीस साधारण ४५ ते ५२ अंश सेल्सिअसला वितळतं. खोलीच्या तापमानात ते गुळाच्या काकवीसारखं, थंडीत तर मेणबत्तीसारखं. रायफल बाहेरून पुसून लख्ख होते आणि पिनचं भोक मात्र भरलेलंच राहतं. मग पहिल्या काही गोळ्यांनी बोल्ट तापतो, ग्रीस सैल होऊन पिनसोबत पुढे सरकतं, आणि थांबलात की तिथेच थिजतं. उन्हाळ्यात नीट चालणारी रायफल टोरंटोच्या डिसेंबरात का झडते, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. मागचा टेकडाउन खटका फिरवून बाहेर ओढा, वरचं झाकण काढा, रिकॉइल स्प्रिंग काढा, कॅरियर (बोल्ट वाहून नेणारा वरचा भाग) मागे आणून बोल्टसकट उचला. बोल्ट हातात वेगळा येतो.

आधी हलवून बघा. बोल्ट कानाजवळ धरून पुढे-मागे झटका दिला की आतून ‘टक्-टक्’ असा कोरडा आवाज आला पाहिजे. आवाज नाही किंवा मऊ ‘थप्’ येतो, म्हणजे पिन ग्रीसमध्ये पोहतेय. मग बोल्टचा चेहरा खाली करून पिन मागून बोटाने दाबा, टोक बाहेर येईल. आता चेहरा वर करा. टोक स्वतःच्या वजनाने, बोट न लावता, आत गेलं पाहिजे. दहा वेळा करून बघा. नऊ वेळा गेलं आणि एकदा अडखळलं, तरी ती नापास.

पिन काढायला बोल्टच्या मागच्या बाजूची आडवी अडकवण-पिन पंचाने बाहेर काढावी लागते. पंच योग्य जाडीचा घ्या, बोल्टखाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि कोणत्या बाजूने ती सरकते ते हलक्या टिचक्यांनी आधी ओळखा. दात-ओठ खाऊन हाणलेला हातोडा पिन वाकवतो. फायरिंग पिन बाहेर काढण्यापूर्वी तिचा खाचेचा भाग कुठल्या बाजूला आहे याचा मोबाइलवर फोटो काढा. हा एक फोटो पुढचा सगळा घोळ वाचवतो.

आता धुणं. मिनरल टर्पेंटाइन किंवा रॉकेलमध्ये बोल्ट आणि पिन तासभर बुडवा, मोकळ्या हवेत, गॅसच्या शेगडीपासून लांब. भोकात पाईप क्लीनर दोन्ही बाजूंनी फिरवा, तो पांढरा बाहेर येईपर्यंत. पहिले तीन-चार तपकिरीच येणार. ब्रेक क्लीनरचा एक फवारा भोकातून आरपार मारा आणि पलीकडून निघणारा द्रव पांढऱ्या कापडावर झेला. उकळतं पाणी ओतणंही चालतं, धातू तापला की उरलेलं ग्रीस पाझरून येतं. पण नंतर लगेच सुकवा.

भोकात कधीकधी धातूची बारीक चकती सापडते, मसुरीच्या डाळीच्या तुकड्याएवढी. तो भोक पडलेल्या प्रायमरचा कापलेला तुकडा. तो सापडला तर पिनचं टोक भिंगाखाली बघा. टोक गोलसर आणि गुळगुळीत हवं. कपचा उडालेला किंवा धारदार असेल तर ते प्रायमर फोडतं, फुटलेल्या प्रायमरमधून वायू मागे येतो, काजळी आणि चकती भोकात बसते, आणि पिन पुन्हा अडकते. असं टोक कानसून सुधारायचं नाही, पिन बदलायची. बदलताना आपल्याच देशाच्या, आपल्याच प्रकारच्या रायफलीची घ्या. चिनी आणि युगोस्लाव्ह भाग एकमेकांत बसले तरी मापं जुळतील याचा भरवसा नाही.

गंजाचा वेगळा मुद्दा. बऱ्याच जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. जळल्यावर मागे मीठ उरतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. तेलाने मीठ निघत नाही, पाण्याने निघतं. अशी काडतुसं झाडली असतील तर त्याच दिवशी नळी, गॅस नळी आणि बोल्टचा चेहरा गरम पाण्याने धुवा, सुकवा, मग तेल. नाहीतर दोन आठवड्यांत पिनच्या भोकात गंजाची खरखर होते आणि ती ग्रीसपेक्षा वाईट अडकवते.

जोडणी करताना फायरिंग पिन उलटी घालू नका. ती कडेने कोनदार असते. चुकीच्या बाजूने घातली तर आडवी पिन तिला पुढच्या अवस्थेतच अडकवून ठेवू शकते, आणि मग स्वच्छ रायफलही पहिल्याच गोळीला झडते. जोडून झालं की पुन्हा तीच ‘टक्-टक्’ चाचणी. भोकात तेलाचा पुसट हात पुरे. ग्रीस अजिबात नाही.

गॅरंडचं दुखणं थोडं वेगळं

गॅरंडची पिन मोकळी असली तरी तिच्यावर एक पहारा असतो. पिनच्या शेपटीला आडवा दात आहे, आणि रिसिव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या घराच्या) मागच्या पुलात, म्हणजे आडव्या भागात, त्याला खाच. बोल्ट फिरून लॉक होऊ लागल्याशिवाय तो दात खाचेतून जाऊ शकत नाही. म्हणून निरोगी गॅरंडमध्ये अर्धवट बंद बोल्टवर गोळी सुटण्याला आडकाठी आहे. हा पूल झिजला, किंवा पिनचा दात झिजला, की पहारा ढिला. ही झीज डोळ्यांनी अंदाजे ठरवायची नाही, मापाने तपासायची, आणि ते बंदूकसाजाचं काम.

बाकी गॅरंडमध्ये स्लॅमफायरचं मोठं कारण माणूस असतो. एकच गोळी झाडायची म्हणून काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडतात. क्लिपमधून काडतूस ओढताना बोल्टचा वेग घर्षणाने कमी होतो. मोकळ्या चेंबरवर तो पूर्ण वेगाने आदळतो आणि पिनही तेवढ्याच वेगाने. एकेक गोळी झाडायची असेल तर काडतूस क्लिपमधून किंवा एक-गोळी फॉलोअरवरून (एकच काडतूस धरणाऱ्या मॅगझिनमधल्या पट्टीवरून) भरा. एसकेएसलाही हेच: काडतूस मॅगझिनमधून जाऊ द्या.

गॅरंडच्या बोल्टच्या दांड्यावर आणि सरकण्याच्या खोबणींवर ग्रीस लागतंच. ते ग्रीस पिनच्या भोकात गेलं नाही पाहिजे, एवढंच.

काडतूस: घरी भरत असाल तर

कारखान्यातलं लष्करी काडतूस या रायफलींच्या मापाने बनलेलं असतं. शिकारीसाठी बनवलेल्या काही व्यापारी काडतुसांचे प्रायमर मऊ असतात. बोल्ट-ॲक्शनमध्ये उत्तम, मोकळ्या पिनच्या रायफलीत नाही.

घरी भरणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. प्रायमर लष्करी कठीणपणाचा घ्या. मोठ्या रायफल प्रायमरमध्ये सीसीआय क्रमांक ३४ याच कामासाठी आहे. प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा किंचित आत बसलाच पाहिजे, साधारण ०.०८ ते ०.२ मिमी. तपासायला सोपी युक्ती: पुंगळी तळावर काचेच्या तुकड्यावर उभी करा. डगमगली तर प्रायमर वर आहे, ती पुंगळी बाजूला. लष्करी पितळेत प्रायमरच्या खिशाला दाबून कडा केलेली असते. ती न काढता नवा प्रायमर दाबला की तो वाकडा आणि उंच बसतो, हे वारंवार होतं.

तिसरी गोष्ट पुंगळीची लांबी. पुंगळी पूर्ण लांबीने मूळ मापात आणली नसेल तर खांद्याशी ती चेंबरमध्ये रुतते. बोल्ट शेवटच्या टप्प्यात अडतो, पूर्ण लॉक होत नाही, आणि पिन मात्र टोचते. वर आलेला प्रायमर आणि रुतणारी पुंगळी एकत्र आली की वाईटात वाईट घडतं. केस-गेजमध्ये (पुंगळीचं माप तपासायच्या साच्यात) प्रत्येक पुंगळी टाकून बघणं कंटाळवाणं आहे. तरीही टाका.

ट्रिगर गट: बघायचं, घासायचं नाही

सेमी-ऑटोत एक गोळी गेल्यावर हॅमर पुन्हा पकडून ठेवणारा भाग असतो, तुम्ही चाप धरून ठेवला तरी. तुम्ही चाप सोडता तेव्हाच तो हॅमर पुढच्या गोळीसाठी सोपवला जातो. गॅरंडमध्ये हे हॅमरच्या दोन जोडी आकड्यांवर आणि सिअरवर (हॅमर अडवणाऱ्या दातावर) चालतं. इतरत्र डिसकनेक्टर म्हणतात. या पकडीच्या कडा झिजल्या किंवा त्यांच्या स्प्रिंग थकल्या की हॅमर निसटतो. सत्तर-ऐंशी वर्षांच्या झिजेपेक्षा मोठा शत्रू म्हणजे आधीच्या मालकाने ‘ट्रिगर हलका’ करायला फिरवलेला पॉलिशचा दगड. कडांचा वरचा कठीण थर घासला गेला की खाली मऊ धातू, आणि तो काही शे गोळ्यांत बसतो.

रिकाम्या रायफलीवर एवढी चाचणी घरीच करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत.

बोल्ट ओढून हॅमर चढवा. चाप ओढा, हॅमर पडेल. चाप दाबूनच ठेवा आणि बोल्ट पूर्ण मागे ओढून सोडा. हॅमर पडता कामा नये. आता चाप हळूहळू सोडा. मध्येच एक बारीक ‘क्लिक’ ऐकू येईल, आणि तेव्हाही हॅमर जागेवर. पुन्हा ओढा, आता पडला पाहिजे. हे वीस वेळा, कधी झटक्यात, कधी सावकाश. मग सेफ्टी लावून चाप जोरात ओढा, सोडा, सेफ्टी काढा. सेफ्टी काढताना हॅमर पडला तर नापास. शेवटी हॅमर चढवून दस्त्याच्या बुडाला रबरी हातोडीने चार टिचक्या द्या. पडला तर नापास.

नापास असेल तर कानस, दगड, ‘जरा वाकवून बघू’ यातलं काहीही करायचं नाही. गट संपूर्ण बदलायचा किंवा बंदूकसाजाला द्यायचा. गॅरंडच्या सर्व्हिस रायफल सामन्यांत चापाचं किमान वजन साडेचार पौंड, म्हणजे सुमारे दोन किलो, ठेवलंय. त्याहून हलका चाप असलेली जुनी लष्करी रायफल विकत घेताना आधी विचारा, कोणी हलका केला आणि कशाने.

गॅरंडचा ट्रिगर गट लाकडाला घट्ट आवळून धरतो. गार्ड बंद करताना शेवटी अंगठ्याने जोर द्यावा लागला पाहिजे. अलगद बंद होत असेल तर लाकूड दबलंय, आणि गट हलू लागला की आधीच कमकुवत असलेली पकड आणखी कमकुवत होते.

बोटाचा दोष

रायफल सगळ्या चाचण्या पास झाली तर आरसा बघा. टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकून, दस्ता खांद्याला हलकाच लावून, बोटाच्या टोकाने चाप सावकाश दाबणारा नेमबाज बऱ्याचदा नकळत दोनदा ओढतो. धक्क्याने रायफल मागे जाते, बोटापासून चाप सुटतो, रायफल पुढे उसळते आणि चाप पुन्हा बोटावर येऊन आदळतो. दोन गोळ्या, दोन ओढी, एक मन. शॉट झाल्यावर चाप मागेच दाबून ठेवायचा, एक श्वास मोजायचा, मग सोडायचा. यात दुसरी गोळी बंद झाली तर दोष सापडला.

रेंजवर परत

साफसफाईनंतर रायफल आधी एका काडतुसाने तपासा, मग दोन, मग तीन. पूर्ण मॅगझिन पहिल्या दिवशी नाही. पहिली गोळी मॅगझिनमधूनच, नळी बांधाच्या पायथ्याकडे, चष्मा डोळ्यांवर, डाव्या-उजव्या हाताला कोणी नाही. दोन काडतुसांच्या फेरीला दहा-बारा वेळा ‘एक चाप, एक गोळी’ आलं की तीनवर जा. एकदाही दोन गेल्या तर रिकामी करून घरी.

कायदा कुठे आड येतो

अमेरिकेत ‘मशीनगन’ची व्याख्या कारखान्याच्या नावावर नाही, वागण्यावर आहे: चापाच्या एका क्रियेत, हाताने न भरता, एकाहून जास्त गोळ्या झाडते ती. १९३४च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्यापासून हेच, आणि मे १९८६ नंतर खासगी माणसासाठी नवी नोंदणी बंद. १९९४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शस्त्र ऑटोमॅटिक आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. त्याचा उलटा अर्थ नीट वाचा: दोन गोळ्या जातात हे एकदा कळल्यावरही ती रायफल तशीच वापरत राहणं, मित्राला ‘बघ गंमत’ म्हणून देणं, हे बिघाडाच्या खात्यात राहत नाही. दुरुस्तीची पावती जपून ठेवा.

कॅनडात एसकेएसच्या मॅगझिनला पाच गोळ्यांवर अडवणारी रिव्हेट असते. दुरुस्तीच्या नादात ती काढू नका. भारतात हा प्रश्न जवळपास उद्भवतच नाही. .३०३ आणि ७.६२ मिमी या लष्करी बोअरच्या रायफली साध्या परवान्यावर मिळत नाहीत; .३१५ बोअरची बोल्ट-ॲक्शन म्हणूनच घरोघरी दिसते.

आपल्याकडच्या निवृत्त जवानांना या प्रकाराचा फारसा अनुभव नसतो, याचंही कारण पिनमध्येच आहे. ईशापूरची १ए एसएलआर ब्रिटिश एल१ए१च्या घराण्यातली, मूळ बेल्जियमची एफएन फाल. त्या घराण्यात फायरिंग पिनवर स्प्रिंग असते, ती पिनला मागे धरून ठेवते. फाल निवडक-फायर होती. ब्रिटिशांनी आणि आपण तिचा सलग फायर काढून सेमी-ऑटोच घेतली. एसएलआर दोनदा झडली तर तिथे संशय ट्रिगर गटावर जातो, पिनवर नाही, आणि ती आर्मररकडे (पलटणीतल्या शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) जाते. एसकेएसला मात्र तुम्हीच आर्मरर. तेव्हा बोल्ट परत बसवण्याआधी एकदा कानाशी धरून हलवा.